बाईंच्या साडीचं ठिगळ

म्हात्रे बाईंचं नाव आधी लिहिते, बाकीचं मागून. मला लिहिताना दम लागतो. एक पान झालं की खांदे भरून येतात, डोळ्यांपुढची ओळ हलायला लागते, आणि मग जे शेवटी लिहायचं म्हणून ठेवलेलं असतं ते राहूनच जातं. बाईंच्या बाबतीत तसं व्हायला नको. सुलभा म्हात्रे. तुर्भ्याजवळच्या खाडीकाठच्या गावातल्या. वडील मिठागरात, आई मिठागरात, आणि ही मुलगी त्या गावातून मास्तरीण झालेली पहिली. उंच, काटक, टाचा लहानपणीच्या मिठाने फुटलेल्या त्या कायमच्या. पांढऱ्या सुती साडीवर बारीक जांभळे ठिपके, अशी एक साडी त्या आठवड्यातून दोनदा नेसायच्या. वर्गात पुस्तकातलं मराठी बोलायच्या, पण राग आला की त्यांच्या तोंडी गावची बोली यायची, ‘पाणी’चं ‘पानी’ व्हायचं, आणि आम्ही समजायचो की आता कुणाची तरी खैर नाही.

बाईंनी मला वाचायला शिकवलं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. मला आजही धड वाचता येत नाही. हे प्रकरण मी तुकड्या-तुकड्यांनी लिहिते आहे आणि मामाची मुलगी सुजाता ते सुधारून घेते. तिचा मुलगा ऐरोलीला शाळेत जातो. त्याला काय आहे त्याचं नाव डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, डिस्लेक्सिया, आणि शाळेने परीक्षेत त्याला जास्तीचा वेळ दिला, प्रश्न वाचून दाखवायला माणूस दिलं. सुजाता मला हे फोनवर सांगत होती आणि मी गॅस बंद करून खाली बसले. आनंद झाला म्हणायचा तर झाला. पण त्याहून जास्त थकवा आला. इतक्या वर्षांचं ओझं उचलून आणल्यावर कुणीतरी सांगावं की याला चाकं असतात, तसं.

गावाकडच्या शाळेचं फार लिहीत नाही. आमचं गाव मराठवाड्यातलं, शाळा एका खोलीची. फळ्यावरचं अक्षर मला दिसायचं, पण पाटीवर उतरवेपर्यंत ते दुसरंच होऊन बसायचं. गुरुजी म्हणायचे, ही पोरगी बोलण्यात वकील आणि पाटीवर ढ. छडी खाऊन खाऊन तळहात निबर झाले. पाचवीत मी शाळा सोडली. आमच्या समाजात तेव्हा शाळा सोडणं म्हणजे घराला काळोखी फासण्यासारखं होतं. शिका, शिका, एवढं एकच सगळे सांगायचे. भिंतीवरच्या तसबिरीसुद्धा तेच सांगायच्या. वडील काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं. मी घरी बसून वाकळा शिवायला लागले. तिकडे गोधडीला वाकळ म्हणतात. आजूबाजूच्या बाया जुनी लुगडी आणून द्यायच्या आणि मी कडेपासून आत आत धावदोरा घालत जायची. हात चालू असले की डोकं शांत राहायचं.

मग मामा आला. मामी बाळंत झाली होती, सुजाता जन्मताच अशक्त, मामीला उठवत नव्हतं. मामा आईला म्हणाला, “आक्का, कमलला दे चार महिन्यांसाठी.” चार महिन्यांसाठी निघालेली मी परत राहायला म्हणून कधीच गेले नाही. एस.टी.तून उतरले तेव्हा पहिला वास आला तो खाडीच्या चिखलाचा आणि त्यात मिसळलेला कारखान्यांचा, घशात जाऊन बसणारा. त्या वेळी वाशीला रेल्वे नव्हती. पूल होता, लांब लांब पसरलेल्या मोकळ्या जागा होत्या, आणि दिवसभर कुठेतरी नव्या इमारतींचा पाया ठोकणारा पायलिंगचा हातोडा पडत असायचा. धप्प. मग इतका वेळ की वाटावं थांबला. मग परत धप्प. सुजाता त्या आवाजावर झोपायची आणि तो थांबला की रडत उठायची.

मामा रंगाच्या कारखान्यात होता. त्या आठवड्यात कारखान्यात जो रंग चालू असेल, तो मामाच्या अंगातून बाहेर यायचा. आंघोळ करून, दगडाने घासून आला तरी घाम आला की बनियन पिवळा. पुढच्या आठवड्यात निळा. उशीवर डोक्याचा डाग, भाकरीवर बोटांचे डाग. मामी म्हणायची, “तुमच्या मामाला धुवून वाळत घातलं ना, तर त्या पाण्यात अजून चार साड्या रंगतील.” मामी हसायची तेव्हा टाके दुखायचे म्हणून पोट धरून हसायची. एकच खोली, पुढे पत्र्याची पडवी. पाणी सकाळी पाऊण तास. ज्वारी मिळायची पण गावासारखी नाही, म्हणून भाकरी तांदळाची शिकावी लागली. ती थापता थापता माझ्या हातात फाटायची. ठेचा मात्र घरचाच, आणि गावाहून आलेला काळा मसाला मामी कुलपात ठेवल्यासारखा जपायची. मासळीचं मला जमत नव्हतं. पहिल्यांदा मांदेलीचा काटा घशात अडकला तेव्हा सगळी चाळ गोळा झाली होती.

मासळी घेऊन यायची ती हिरूबाई. कोळीण, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, तोंडाची फटकळ. तिनेच मला बाईंच्या वर्गात नेलं. बायकांसाठी दुपारचा वर्ग होता, दोन ते चार, बाईंच्या शाळेच्याच एका खोलीत. मोठेपणी सातवीची परीक्षा देता यायची. नव्या वसाहतीत बालवाडी निघणार होती आणि तिथल्या सेविकेला सातवी पास पाहिजे, अशी बातमी होती. हिरूला सेविका व्हायचं नव्हतं. तिला फक्त कागदावर काय लिहिलंय ते कळायला हवं होतं, कारण गावच्या जमिनी नव्या शहरासाठी जात होत्या आणि रोज कुणीतरी नवा कागद घेऊन अंगठा मागत होतं. मला म्हणाली, “चल गो घाटने. पोर झोपल्यावर करतेस काय? भिंती चाटतेस?”

मामाला विचारलं. मामा बराच वेळ जेवत राहिला. गावाकडे वडिलांनी माझ्यासाठी एक स्थळ बघून ठेवलं होतं, माणूस बिजवर, पहिलीची दोन मुलं. ते मामालाही माहीत होतं, मलाही. शेवटी हात धुताना म्हणाला, “एक वर्स. पास झालीस तर बालवाडीचं बघू. नापास झालीस तर दिवाळीला गाडीत बसवून देतो. मग माझ्या नावानं रडायचं नाही.” हे त्याने रागाने म्हटलं नाही. दमून म्हटलं. त्या घरात सगळेच दमलेले असायचे.

पहिल्या महिन्यात बाईंनी एक छोटी परीक्षा घेतली. पाच प्रश्न फळ्यावर. मी तासभर बसले आणि कागद कोरा दिला. नाव तेवढं होतं, तेही खाडाखोड करून. बाकीच्या गेल्यावर बाईंनी मला थांबवून घेतलं. मला वाटलं, झालं, आता हिशेब संपला. बाईंनी कोरा कागद उलटा ठेवला आणि म्हणाल्या, “कमल, मला भांडी घासायचीयत. तू पण ये नळावर. घासता घासता सांग, पाऊस कसा पडतो?” शाळेतली चहाची भांडी होती. मी कप विसळत विसळत सांगितलं. वाफ, ढग, डोंगर, सगळं. आमच्याकडे का पडत नाही आणि इथे का कोसळतो, तेही सांगितलं, जे त्यांनी शिकवलं नव्हतं. बाई हातातली किटली तशीच धरून उभ्या होत्या. मग एवढंच म्हणाल्या, “मग तो कागद कोरा कशाला?” मी म्हटलं, “अक्षरं एका जागी बसत नाहीत बाई.” त्या हसल्या नाहीत. खोटं बोलतेस असंही म्हणाल्या नाहीत. माझ्या आयुष्यात हे वाक्य ऐकून गप्प राहिलेलं पहिलं माणूस.

पुढच्या परीक्षेपासून बाईंनी पट्टीने प्रत्येकीच्या कागदावर मधोमध रेघ मारली. डावीकडे लिहिलं ‘काय कळलं’, उजवीकडे ‘कसं लिहिलं’. दोन्हीला वेगळे गुण. जिला लिहिणं जमत नाही तिने डावीकडचं तोंडी सांगायचं, बाई स्वतः टिपून घेणार. प्रश्न सगळ्यांना दोनदा वाचून दाखवणार. माझ्या कागदावर डावीकडे वीसपैकी सतरा आले आणि उजवीकडे तीन. शोभाचे डावीकडे बारा, उजवीकडे एकोणीस. शोभा कुणा कारकुनाची बायको, साताऱ्याकडची, अक्षर असं की लग्नपत्रिका छापावी. तोवर वर्गात तिचाच पहिला नंबर.

“बाई, हे कुठल्या शाळेत असतं?” ती उभी राहिली. “आम्ही घरचं सगळं उरकून रात्र रात्र पाठ करायचं, लिहायचं, आणि हिने नुसतं बोलायचं? असं तर कुणीही पास होईल.”

“बोलून पास होनं सोपं वाटतं तुला?” हिरू मागून म्हणाली. “मंग बोल की. बारा कशापायी मिलाले?”

“तू गप्प बस, मासळीबाजार नाहीये हा.”

“मासळीबाजार असता तं तुला कललं असतं. बोंबील नि घोल, सगल्या म्हावऱ्याला एकच सुरी नाय लागत गो.”

बाईंनी दोघींना बसवलं. शोभाला म्हणाल्या, तुझे एकोणीस कुणी काढून घेतले नाहीत, ते तुझेच आहेत. मग हिरूकडे वळल्या. हिरू गणितात दर वेळी नापास. “हिरू, आज दशमी. भरती कधी?” हिरूने डोळासुद्धा हलवला नाही. “साडेसातला.” “कशी काढलीस?” “कशी म्हंजे? तिथीची पाऊनपट. दहाची पाऊनपट साडेसात. शेंबडा पोर पन सांगल.” बाईंनी फळ्यावर दहा लिहिले, गुणिले, तीन, खाली चार. “हा अपूर्णांकांचा गुणाकार. कालच्या कागदावर तू हाच प्रश्न सोडून दिलास.” हिरू फळ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “हा मेला असा दिसतो होय? मंग आदी सांगायचंत.” सगळा वर्ग हसला. शोभा हसली नाही. तिचं मला आता वाईट वाटतं. तिला बिचारीला घरात कुणी कशातही पहिली म्हणत नसेल, इथे तेवढा एक नंबर होता.

गोधडीचं असं झालं की मामीने सुजातासाठी एक शिवायला घेतली होती आणि ती माझ्याकडे आली. मी ती वर्गात न्यायला लागले. बाई धडा वाचायच्या आणि मी खाली मान घालून ठिगळ जोडायची. काही दिवसांनी माझ्याच लक्षात आलं की त्या ठिगळावरून बोट फिरवलं की बाईंचा आवाज परत येतो. जुन्या छत्रीचं काळं कापड लावलं त्या दिवशी ग्रहणाचा धडा होता. त्या कापडाला हात लावला की सूर्य, चंद्र, पृथ्वी आपोआप ओळीत उभे राहायचे. मामाच्या निळ्या डागांच्या बनियनवर मी गोदावरी घातली, पूर्णा, मांजरा, प्रवरा, दोन्ही अंगांनी टाके येऊन मिळणारे. सुजाताच्या फाटक्या लाल कुंचीवर हृदयाचे चार कप्पे. मामीच्या हिरव्या चोळीवर कोकणातल्या नद्या. बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी गोधडी मांडीवर घेऊन नीट बघितली. दुसऱ्या दिवशी आपल्या त्या ठिपक्यांच्या साडीचा, पदर विरला होता तिथला, एक तुकडा कापून आणला. “घे. तुला कमी पडेल.” एवढंच.

परीक्षा घ्यायला तालुक्याहून साहेब येणार होते. बाईंनी त्यांना आधीच अर्ज केला होता, की या विद्यार्थिनीला विषय येतात पण लिहिता येत नाही, तरी तोंडी घ्यावी. साहेबांनी उलट विचारलं होतं, ती आंधळी आहे का, हात मोडलाय का, मग तोंडी कशासाठी? बाई तीन वेळा जाऊन आल्या. शेवटी असं ठरलं की बाकीचे विषय तोंडी चालतील, पण मराठीचा पेपर लेखीच, त्यात सवलत नाही. मराठीचा पेपर मी पहिल्याच दिवशी दिला. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

तोंडीच्या दिवशी मी माझ्या भीतीने एक चूक केली. गोधडी घेऊन गेले. तेव्हा मला ते चूक वाटलंच नाही. आमच्याकडे बाईमाणूस बोलायला बसलं की तिच्या मांडीवर काहीतरी काम असतंच, वाती असतील, निवडायचं धान्य असेल. मोकळ्या हाताने बोलायचं कसं, हे मला खरोखर माहीत नव्हतं. साहेब खुर्चीवर, मी समोर सतरंजीवर, बाई कपाटाजवळ उभ्या. त्यांनी बोलायचं नाही अशी अट होती. पेपर झालेल्या बायका दारात. पहिले दोन प्रश्न झाले. मी उत्तरं दिली. तिसऱ्याला मी ठिगळ शोधत होते तेवढ्यात दारातून शोभा म्हणाली, “साहेब, तिच्या मांडीवर काय आहे ते बघा. ती चाचपून सांगते.”

साहेबांनी हात पुढे केला. “काय आहे ते?”

“गोधडी, साहेब.”

“परीक्षेला गोधडी? थंडी वाजते?” त्यांनी ती ओढून घेतली. “कॉपी करता? बाई, याच्यासाठी तोंडी मागत होतात?”

मला त्या क्षणी फक्त दिवाळीची एस.टी. दिसत होती, खिडकीशी बसलेली मी, आणि खाली उभा असलेला निळा मामा. साहेब गोधडी उलटी करत होते, सुलटी करत होते, शिवण उसवून बघत होते की आत कुठे चिठ्ठी आहे का. मधेच “आई गं” करून त्यांनी बोट झटकलं.

“सुई हाय तीत, जपून,” हिरू दारातून म्हणाली. सांगायला तिने जरा उशीरच केला.

बाई कपाटापासून पुढे आल्या. आवाज चढला नव्हता, पण बोली बदलली होती. “मला बोलायची परवानगी नाय, पन बोलते. साहेब, कॉपी असंल तर वाचून दाखवा. यावर एक अक्षर असंल तर मी उद्या राजीनामा देते. कोनीबी वाचा. शोभा, तू ये, तुजं वाचन चांगलं हाय. वाच काय लिवलंय.”

शोभा जागची हलली नाही. साहेब गोधडी धरून बसले. बाहेर हातोडा पडला, धप्प, मग कितीतरी वेळाने परत धप्प. ते साहेब वाईट नव्हते. वाईट माणूस इतका वेळ गोधडी बघत बसत नाही. मग त्यांनी ती माझ्यापुढे सतरंजीवर पसरली, स्वतः खुर्चीवरून वाकले आणि छत्रीच्या काळ्या कापडावर पेन टेकवलं. “हे काय?”

मी ग्रहण सांगितलं. पेन निळ्या बनियनवर गेलं. मी गोदावरी सांगितली, उगमापासून. लाल कुंचीवर गेलं. मी हृदय सांगितलं, रक्त कुठून येतं, कुठे शुद्ध व्हायला जातं, परत कुठे येतं. साहेब मधेच प्रश्न फिरवत होते, उलटून विचारत होते, आणि मी सांगत होते, कारण आता ते माझ्या घरात शिरल्यासारखे माझ्याच वस्तू दाखवत होते. मग पेन कोपऱ्याजवळच्या पांढऱ्या तुकड्यावर आलं. बारीक जांभळे ठिपके.

“आणि हे?”

मी बोट फिरवून बघितलं. काहीच आलं नाही. तिथे मी काही ठेवलंच नव्हतं. मला वाटलं, काहीतरी ठोकून द्यावं, खनिजं, पिकं, काहीही. त्यांना काय कळणार? पण जीभ उचलली नाही.

“त्यावर काही नाही साहेब,” मी म्हटलं. “ती बाईंची साडी आहे.”

“मग लावलंत कशाला?”

“बाईंनी दिली म्हणून.”

मी बाईंकडे बघितलं नाही. हिरूने नंतर सांगितलं की बाई कपाटाकडे तोंड करून उभ्या होत्या. साहेबांनी गोधडीची घडी घातली, पुरुष घालतात तशी वेडीवाकडी, आणि आपल्या टेबलावर ठेवली. “आता हिच्याशिवाय तीन प्रश्न.” दोन आले, एक चुकला. त्यांनी कागदावर काही लिहिलं आणि मला जायला सांगितलं.

निकाल आला तो नापास. तोंडी विषय सगळे सुटले, मराठीत अडकले. गावाला न्यायची पिशवी मामीने फळीवरून काढून झटकून ठेवली, माझ्याकडे न बघता. सुजाता त्या पिशवीत जाऊन बसायची. रविवारी दुपारी बाई घरी आल्या. मामा नुकताच जेवून आडवा झाला होता, उठून बसला. बाईंनी चहा नको म्हटलं, मग मामीचा चेहरा बघून घेतला.

“बाई, तुम्ही लई केलं पोरीसाठी,” मामा म्हणाला. “पण नापास म्हंजी नापास. मी शबुद दिलेला हाय दाजींना.”

“नापास आहे, मान्य. पण साहेबांनी खाली काय लिहिलंय ते वाचा.” बाईंनी कागद त्याच्या हातात दिला.

मामाने कागद धरला. बराच वेळ धरला. निळ्या अंगठ्याचा ठसा कडेला उमटला. मग तो मामीकडे सरकवत म्हणाला, “माझा चष्मा कुठं गेलाय...” आमच्या घरात चष्मा नव्हताच. मामीने कागद घेतला नाही. ती नुसती मामाकडे बघत राहिली. बाई कधी मामाकडे बघत होत्या, कधी माझ्याकडे. त्यांनी कागद हळूच परत घेतला आणि स्वतः वाचला. “विषयाचे ज्ञान उत्तम. लेखन अपुरे. पुन्हा बसू द्यावे.”

मामा भिंतीला टेकला. गावाकडे मामा सातवी शिकलेला म्हणून सांगायचे. आम्हा भाचरांना शाळेवरून सगळ्यात जास्त तोच बोलायचा. “अकरा वर्सं झाली बाई,” तो म्हणाला, “पिंपावरचं नाव मी कदी वाचलं नाही. झाकणाच्या रंगावरनं वळखतो. झाकण बदललं की वास घेतो. परवा दोन झाकणं अदलाबदल झाली तर रातभर झोप नाही आली मला. ह्यांना,” त्याने मामीकडे हात केला, “ह्यांनाच म्हाईत हाय. अक्षरं बसत न्हाईत एका जागी. पोरीला मी आळशी समजलो. सोताला बी तेच समजत आलो.”

बाईंनी कप खाली ठेवला. मामाने उठून ती पिशवी सुजाताच्या खालून काढली, रिकामी फळीवर टाकली आणि म्हणाला, “पोरीला बशीव म्हणावं परत परीक्षेला. दाजींना मी बघतो.”

पुढच्या खेपेला बाईंनी भांडून मराठीच्या पेपरला मला अर्धा तास जास्त मिळवून दिला आणि प्रश्न वाचून दाखवायची परवानगी आणली. मी काठावर पास झाले. बालवाडीत लागले, तिथेच निवृत्त झाले. मुलांना गाणी, गोष्टी, माती. कुणाला काय कळलं हे मी त्यांच्या हातांकडे बघून ओळखायची. मामा झाकणं ओळखता ओळखता रिटायर झाला आणि फार दिवस टिकला नाही. छाती भरलेली होती त्याची.

बाई आता नावड्याला लेकीकडे असतात. डोळे जवळजवळ गेलेत. मागच्या महिन्यात सुजाता मला घेऊन गेली. बाईंनी माझा हात चाचपला आणि विचारलं, “काय करतेस हल्ली?” मी म्हटलं, लिहिते थोडं, तुमच्याबद्दलच. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, “मग वाचून दाखव की. मला आता कुठलं दिसतंय.”

पिशवीत पानं होती. माझ्या तळहाताला घाम सुटला, पाचवीतल्यासारखा. मी म्हटलं, बाई, आज घसा बसलाय. सुजाता वाचते म्हणाली, तर बाई नको म्हणाल्या. “तिचा बरा झाला की तीच वाचेल.” निघताना मला कळलं की त्या सगळ्या काळात बाईंनी एकदाही मला वर्गात उभं करून वाचायला लावलं नव्हतं. सगळ्यांची पाळी यायची. माझ्या वेळी त्या फळा पुसायला लागायच्या. मी ते इतकी वर्षं योगायोग समजत होते.

बाई, घसा बसलेला नव्हता. हे प्रकरण सुजाताने सुधारून दिलं की मी रोज दोन ओळी मोठ्याने वाचायची सवय करणार आहे, एकटीच, दार लावून. वेळ लागेल. पण एक दिवस नावड्याला येऊन, तुमच्या पायाशी सतरंजीवर बसून, हे सगळं मी माझ्या तोंडाने तुम्हाला वाचून दाखवीन. मांडीवर गोधडी घेईन, तेवढी मात्र चालवून घ्या.